मदत हवी आहे: बर्र अल हिकमान (ओमान), पाच गाड्या, दोन मुक्काम, ट्रॅक हवाय

वाळूवेडा | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

मंडळी, नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. बर्र अल हिकमानला ग्रुपने कॅम्पिंगला चाललोय. फिलिमकडून शिरायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने शन्नाला वळसा घालायचा आणि खलूफला बाहेर पडायचं. दोन रात्री. या रूटचा जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसवर नोंदवलेला मार्ग) कुणाकडे असेल तर टाका. नेटवर आहेत ते जुने आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. तंबू, शेगड्या, पाणी सगळं झालंय. "जाऊ नका" छाप सल्ले कृपया नकोत, फक्त ट्रॅक. सोमवारपर्यंत मिळाला तर उपकार होतील, बाकीच्यांना कळवायचंय.

शंकासुर | ९:४०

हे आहे कुठे? गुजरातेत का?

वाळूवेडा | ९:४४

शीर्षकात ओमान लिहिलंय हो.

रुवीकर | १०:०५

मस्कतपासून दक्षिणेला, सिनाववरून महूतला, म्हणजे हिजला उतरलं की पूर्वेकडे समुद्रात घुसलेला सपाट तुकडा दिसतो, तो बर्र अल हिकमान. पलीकडे मसीरा बेट. मी मस्कतच्या रुवीत वीस वर्षं काढली, तिकडे पाच वेळा गेलोय. धागाकर्ते, आधी एवढं सांगा: कधी जाताय? गाड्या कुठल्या? किती माणसं, पोरंबाळं आहेत का? वाळूत आधी गाडी चालवलीये का? हे कळल्याशिवाय ट्रॅक देणं म्हणजे आंधळ्या माणसाला विहिरीचा पत्ता देणं.

चाकोरीबाहेर | १०:२१

एवढं घाबरवू नका हो. टायरची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा, कॉम्प्रेसर बरोबर ठेवा, दोन सँड लॅडर (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या) आणि एक फावडं. संपलं. ओमानमधल्याच वहिबा वाळवंटात मी गेली आठ वर्षं हेच करतोय, आजवर एकदाही टो करायला लागलेलं नाही.

पोळपाट | १०:३३

जेवणाचं काय ठरलंय? वाऱ्यात पोळ्या लाटायला जाऊ नका, वाळू खाल. आम्ही जबल शम्सच्या डोंगरावर धपाटे नेले होते, दह्यात भिजवलेले, तिसऱ्या दिवशीसुद्धा मऊ होते.

वाळूवेडा | १०:५०

रुवीकर, गाड्या पाच. प्राडो दोन, पजेरो एक, एफजे एक, पाचवी मित्राची, तो दुबईहून येतोय. माणसं चौदा, त्यात तीन मुलं. वहिबाला दोनदा जाऊन आलोय, त्यामुळे वाळूची काळजी नको. बाकी प्रश्न कशासाठी ते कळलं नाही. ट्रॅक आहे का?

चाकोरीबाहेर, धन्यवाद. असंच काहीतरी अपेक्षित होतं.

रुवीकर | ११:३०

तारीख तुम्ही खाल्लीत. पाचव्या गाडीचं नावही.

आणि चाकोरीबाहेर, तुमचा मान राखून सांगतो, वहिबा वेगळं आणि हे वेगळं. वहिबात कोरडी वाळू आहे. हवा कमी केली, टायर पसरला की गाडी वर तरंगते. इथे बराच भाग सबखा आहे. जमिनीखाली हात-दोन हातांवर खारं पाणी. उन्हाने ते वर ओढलं जातं, वाफ होऊन जातं आणि मीठ व जिप्सम वर राहतं, त्याची पापडी धरते. दिसायला एअरपोर्टची धावपट्टी. पापडी फुटली की खाली चिखल, आणि चिखलाला तुमच्या पीएसआयशी काही देणंघेणं नाही.

पाच वर्षांपूर्वीची माझी गोष्ट सांगतो. दुपारी दोनचा सुमार. पुढे गेलेल्या गाडीची चाकोरी दिसत होती. ती इंग्रजी एससारखी वळलेली, म्हणून मी शहाणपणा करून सरळ कापायला गेलो. पन्नास मीटर छान गेलो. मग स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जसं काही हातात काहीच नाही. बायको म्हणाली, गाडी बसतेय का? उतरलो तर पाय घोट्यापर्यंत आत. वरचा थर पांढरा, बोटभर जाड, दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला. खाली काळा-राखाडी गाळ आणि कुजक्या अंड्याचा वास. चाक जितकं फिरवावं तितकी गाडी खाली. अर्ध्या तासात चेसिस टेकली.

एक मच्छीमार बाबा जुनी पिकअप घेऊन आले. पण दीडशे मीटरवर, कडक जागेवर थांबले आणि तिथून फळ्या खांद्यावर घेऊन चालत आले. गाडी जवळ का आणत नाही विचारलं तर हसले आणि दोन बोटं दाखवली, म्हणजे मग दोन गाड्या काढाव्या लागतील. जॅकखाली फळी, चाकाखाली फळी, चार फूट पुढे, पुन्हा तेच. रात्री साडेअकराला कडक जमिनीवर आलो. पुढच्या वर्षभरात ब्रेकच्या नळ्या गंजून बदलाव्या लागल्या, ते वेगळंच.

तेव्हा दुसऱ्याचा ट्रॅक हा त्या दिवसाचा ट्रॅक असतो. जानेवारीत कडक असलेली जागा मार्चमध्ये कडक असेलच असं नाही.

कच्छी_जावई | ११:५८

+१. आमच्या सासुरवाडीला, कच्छच्या रणात, हेच. पावसाचं पाणी आटलं तरी खाली ओल राहते. तिथली माणसं रंग बघून चालतात. पांढरं चकचकीत असेल तर बरं, तपकिरी ओलसर दिसलं की लांबूनच राम राम.

अवांतर: मस्कतहून भारतात येताना सोनं किती आणता येतं?

शंकासुर | १२:०२

वेगळा धागा काढा.

चाकोरीबाहेर | १२:१५

रुवीकर, तुमच्याकडे लॅडर होत्या का? नव्हत्या ना? मग चूक सबख्याची का? लॅडर असत्या तर वीस मिनिटांत बाहेर. शिवाय विंच (गाडीवरचं दोराने ओढायचं यंत्र) असेल तर प्रश्नच नाही.

रुवीकर | १२:२६

विंचचा हुक कशाला लावणार? झाड नाही, दगड नाही, क्षितिजापर्यंत गुडघाभर उंचीचं काही नाही. दुसऱ्या गाडीला लावायचा तर ती गाडी कुठे उभी करणार?

चाकोरीबाहेर | १२:३१

स्पेअर व्हील पुरून त्याला लावतात. गुगल करा.

रुवीकर | १२:३४

चिखलात पुरा. मग स्पेअर व्हीलही काढू.

पक्षीवेडी | दुपारी १:१०

मी ट्रॅक देऊ शकणार नाही, पण तिथे जाताय तर दुर्बीण न्याच! हिवाळ्यात तिथल्या चिखलपट्ट्यांवर पाच लाखांहून जास्त किनारी पक्षी उतरतात. सैबेरियाकडून येणारे गॉडविट, नॉट, छोटे डनलिन, आणि काळा-पांढरा क्रॅब प्लोव्हर. तो खेकड्यांवर ताव मारताना बघणं म्हणजे पर्वणी. रोहित पक्षीही असतात. ओहोटीला ते पार लांब, ठिपक्यांसारखे. भरती चढायला लागली की थवेच्या थवे आपल्या दिशेने सरकत येतात, कारण त्यांची जेवणाची जागा बुडत जाते. दुर्बीण लावून खुर्ची टाकून बसा, ते स्वतःच जवळ येतील. हाकलू मात्र नका, गाडी तर थव्यात मुळीच घालू नका. २०१४ पासून ते राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे मुक्काम आणि गाड्यांबद्दल पर्यावरण खात्याकडे आधी विचारून घ्या.

वाळूवेडा | २:४५

ताई, छान माहिती, पण पक्ष्यांसाठी चाललेलो नाही.

तारीख ४ ते ६ डिसेंबर. गुरुवारी दुपारी निघायचं, शनिवारी परत. मुद्दाम पौर्णिमा धरलीय, तीही सुपरमून. समुद्रकिनारी अगदी पाण्याजवळ तंबू लावायचे आणि चांदण्यात बसायचं, हाच तर सगळा बेत. पाचवी गाडी डस्टर आहे, दुबईहून भाड्याने घेतलेली. एसयूव्हीच आहे.

नाखवा_देवगड | ३:०२

थांबा थांबा थांबा.

इतका वेळ गप्प वाचत होतो. दत्तजयंतीची पौर्णिमा, त्यात चंद्र जवळ आलेला, म्हणजे उधाणाची भरती. तीही नुसती पौर्णिमेलाच नाही, खरं उधाण त्यानंतर एक-दोन दिवसांनी चढतं, म्हणजे नेमक्या तुमच्या शुक्रवार-शनिवारी. आणि तंबू कुठे? पाण्याजवळ, जिथे जमीन पार सपाट. आमच्याकडे उभ्या खडपावर पाणी हातभर वर चढतं, तसं ते तिकडे कित्येक मीटर आडवं आत येणार. एरवीच्या भरतीला कोरड्या राहणाऱ्या जागा उधाणात भिजतात आणि मग पुढचे काही दिवस सुकत नाहीत. वरून पापडी, खाली पाणी. रुवीकर म्हणतात तो सापळा तुम्ही स्वतःच्या हाताने लावताय.

वाळूवेडा | ३:१०

भरतीच्या वेळा ॲपवर बघूनच जाणार होतो. चौदा माणसांच्या रजा लागलेल्या आहेत.

नाखवा_देवगड | ३:२२

ॲप कशाला? तिथीची पाऊणपट करा. पौर्णिमा पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे. आजोबांनी शिकवलेलं, कधी चुकलं नाही.

शंकासुर | ३:२९

सव्वाअकरा भारतीय वेळेनुसार की मस्कतच्या? दीड तासाचा फरक आहे.

नाखवा_देवगड | ३:३३

...

रुवीकर | ३:४१

नाखवा, नियम कोकणाच्या किनाऱ्यासाठी सोळा आणे खरा. पण प्रत्येक बंदराला चंद्रामागे पाणी चढायला लागणारा वेळ वेगळा. देवगडचा आडाखा शन्नाला लागू होणार नाही. शिवाय उथळ पट्टीवर पाणी आत यायला आणि उतरायला आणखी वेळ लागतो. मसीराचं भरतीचं कोष्टक बघायचं आणि त्यावर आपला एक तास वेगळा धरायचा. उधाणाचा मुद्दा मात्र तुमचा शंभर टक्के बरोबर.

नाखवा_देवगड | ३:४८

मान्य. चंद्र सगळ्यांचा एकच, पण दर्या आपापला.

चाकोरीबाहेर | ४:०५

डस्टर फोर बाय फोर आहे का टू-व्हील? धागाकर्ते, गाडीखाली वाकून बघायला सांगा. मागच्या ॲक्सलकडे शाफ्ट जात नसेल तर ती रिक्षाच समजा. एवढ्यापुरतं रुवीकरांशी सहमत.

रुवीकर | ४:१२

आणि भाड्याची असेल तर कंपनीकडून ओमानला नेण्याचं लेखी पत्र आणि ओमानमध्ये चालणारा विमा, दोन्ही सीमेवर दाखवावे लागतील. ते असले तरी भाड्याच्या गाड्यांच्या करारात बहुतेकदा ऑफ-रोडला मनाई असते. अडकली तर खर्च मित्राच्या खिशातून.

पोळपाट | ४:२०

मुलं आहेत म्हणून सांगते, पहाटे दव फार पडतं. तंबूच्या आतून पाणी टपकतं, पांघरुणं ओली. तंबूवरचं बाहेरचं कापड, फ्लाय, नीट ताणा. आणि धपाटे.

वाळूवेडा | रात्री ९:३५

दिवसभर वाचतोय. डोकं फिरलंय. मी मागितला ट्रॅक, मिळालं समुद्रशास्त्र.

मित्राला विचारलं. डस्टर टू-व्हील आहे. विम्याचं "बघतो" म्हणाला.

समजा पौर्णिमा सोडली तर काय? पुढचा वीकेंड १२-१३ डिसेंबर. पण मग चांदणं नाही.

नाखवा_देवगड | ९:४४

१२ ला कृष्ण अष्टमी. भांगाची भरती. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, जमीन त्यातल्या त्यात कोरडी. यापेक्षा चांगला मुहूर्त पंचांगात मिळणार नाही.

पक्षीवेडी | ९:५८

आणि चांदणं नसलं तर बरंच! १३-१४ डिसेंबरच्या रात्री जेमिनिड उल्कावर्षावाचा जोर असतो. आदल्या रात्रीही पुष्कळ दिसतात. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तोवर काळाकुट्ट अंधार. तिथे गावांचे दिवे जवळपास नाहीतच. पाठीवर पडून राहायचं, मुलांना मोजायला लावायचं.

रुवीकर | १०:१०

मग माझं ऐका. वळसा सोडा. हिजला टाक्या भरा, माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरा, हिजपासून डांबरी रस्त्याने शन्नापर्यंत जाऊन या, ओहोटीला पक्षी बघा, रस्ता सोडू नका. तिथून परत येऊन खलूफला. गावापर्यंत डस्टरही येईल, ती तिथेच ठेवा. पुढे दक्षिणेला पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या आहेत, साखरेसारख्या. तिथे खरी वाळू आहे, सबखा नाही, तिथे चाकोरीबाहेर यांचे १५ पीएसआय चालतील. किनाऱ्याने जायचं ते ओहोटीतच, ओल्या घट्ट वाळूवरून. तंबू भरतीच्या खुणेच्या चांगले वर. वाळलेलं शेवाळ, शिंपल्यांची ओळ, त्याच्या वर. गुरुवारी सकाळी लवकर निघालात तर वाटेत सिनावचा बाजार लागेल, उंट-बकऱ्यांचा. मुलांना आवडेल. परतताना शक्यतो अंधार पडायच्या आत निघा, उंट रस्त्यावर येतात.

काही झालंच तर ९९९९, रॉयल ओमान पोलीस. पण आत सिग्नल जातो-येतो, म्हणून निघताना बाहेरच्या एखाद्याला परतीची वेळ सांगून ठेवा.

चाकोरीबाहेर | १०:१६

तरी लॅडर न्याच.

रुवीकर | १०:१८

न्याच. यात वाद नाही.

वाळूवेडा | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

बदलली तारीख. ११ ते १३. चौघांनी शिव्या घातल्या, दोघांनी रजा पुन्हा टाकल्या, एक कुटुंब गळालं. आता दहाच जण. पर्यावरण खात्याला मेल टाकलाय. रुवीकर, खलूफच्या पुढचा किनाऱ्याचा तुकडा तरी द्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रुवीकर | ८:३५

पाठवतो. पण तीन वर्षांपूर्वीचा आहे. गावात मच्छीमारांना दाखवून विचारा, ते सांगतील समुद्राने किनारा कुठे खाल्लाय.

शंकासुर | ८:४१

डस्टरचं काय ठरलं?

वाळूवेडा | ८:४३

तो म्हणतो, "यूट्यूबवर एकाने नेलीये."