पूर्ण संख्या की परिपूर्ण संख्या?

एका लेखात वाचलं, '3,35,50,336 ही पाचवी पूर्ण संख्या आहे.' आता पूर्ण संख्या म्हणजे 0, 1, 2, 3... मग पाचवी 4 नको का? इथे नेमका शब्द कोणता?

——

परिपूर्ण संख्या. स्वतःखेरीज बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच भरते ती. 6 = 1 + 2 + 3. पुढे 28, 496, 8128 आणि मग एकदम ही तुमची आठ अंकी. 'पूर्ण' हा शब्द 0 पासूनच्या संख्यांसाठी आधीच अडकलेला आहे, तो इथे नकोच. 'पूर्ण वर्ग'मध्ये घोळ होत नाही, कारण तिथे विशेषण वर्गाचं आहे, संख्येचं नाही.

——

पण एवढ्या मोठ्या संख्येचे सगळे अवयव शोधून बेरीज कोण करत बसणार?

——

बेरजेपुरतं 'विभाजक' म्हणा. 'अवयव पाडणे' म्हटलं की डोळ्यांपुढे गुणाकार येतो, आणि तो इथे लागणारच आहे: 3,35,50,336 = 4096 × 8191. यातला 4096 हा 2 चा बारावा घात आणि 8191 ही मूळ संख्या. त्यामुळे विभाजक मोजून 26. 1, 2, 4 असे दुपटीने 4096 पर्यंत 13, आणि त्या प्रत्येकाची 8191 पट. पहिल्या तेरांची बेरीज 8191. दुसऱ्या तेरांतून ती संख्या स्वतः वगळली की उरतात 8191 × 4095. दोन्ही मिळवा, 8191 × 4096. झालं काम!

——

'मूळ' की 'अविभाज्य'?

——

दोन्ही चालतात. मी शाळेतला 'मूळ' वापरतो.

——

8128 नंतर एवढी उडी का, तेही सांगा की.

——

कृती युक्लिडची आहे. 2 च्या एखाद्या घातातून 1 वजा करून मूळ संख्या आली, तर तिला त्याच्या आधीच्या घाताने गुणायचं. 8128 मध्ये घातांक 7 आहे (127 × 64). 8, 10, 12 हे सम घातांक बाद, कारण उत्तराला 3 ने भाग जातो. 9 घेतला तर 511, म्हणजे 7 × 73. 11 स्वतः मूळ असूनही फसवतो: 2047 = 23 × 89. मग थेट 13. द्विमान पद्धतीत लिहिलीत तर ही कृती उघडच दिसते, तेरा 1 आणि त्यापुढे बारा 0.

——

अंकांची बेरीज केली. 28! तीही परिपूर्णच निघाली.

——

तो योगायोग. 496 आणि 8128, दोन्हींची 19 येते. मात्र एक अंक उरेपर्यंत बेरीज करत राहा: 28 वरून 10 वरून 1, 19 वरूनही 10 वरून 1. 6 सोडली तर प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला हे लागू पडतं. 'सम' मुद्दाम म्हटलं. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही, हे अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही.