पेरूच्या पानांचा अर्क : नुसत्या डीएमएसओलाही झोन येतोय, मग अर्काचा झोन धरायचा तरी किती?

गढूळ_ब्रॉथ

एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, चौथ्या सेमिस्टरचा प्रकल्प. पेरूची पानं विरुद्ध स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय.

पानं सावलीत ८ दिवस वाळवून मिक्सरमधून पूड केली. १० ग्रॅम पूड १०० मिली मिथेनॉलमध्ये २४ तास शेकरवर ठेवली, व्हॉटमन नंबर १ मधून गाळली. गाळलेलं १० मिली वॉटरबाथवर आटवून तेवढ्याच डीएमएसओत (डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवलं, म्हणून अर्क १०० मिग्रॅ प्रति मिली धरला. न्यूट्रिअंट अगर, प्लेटला १५ मिली. ब्रॉथमध्ये रात्रभर वाढवलेले जिवाणू सलाइनमध्ये डोळ्यांच्या अंदाजाने पातळ करून स्वॅबने पसरले. अगरमध्ये ६ मिमीचे वेल (खड्डे) पाडले, प्रत्येकात ५० मायक्रोलिटर.

झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास, मिमीत (वेल धरून) असे : स्टॅफला अर्क १७, १३, १६, डीएमएसओ १०, जेंटामायसिन (तुलनेचं प्रतिजैविक) १० मायक्रोग्रॅमची डिस्क ३१. ई. कोलायला अर्क १०, डीएमएसओ १०, जेंटामायसिन २८. पाण्याच्या काढ्याला झोन नाहीच. उलट वेलच्या कडेने पांढरट, सुरकुतलेली वाढ दिसते.

प्रश्न तीन. डीएमएसओचे १० मिमी वजा करून अर्काचे ७, ३, ६ लिहावेत का? एकाच अर्काचे तीन आकडे एवढे वेगळे का? आणि काढ्यात काही दमच नाही, असा निष्कर्ष काढावा का?

चोथा_आणि_गाळ

वजाबाकी अजिबात करू नका. झोनचा व्यास आणि औषधाची मात्रा यांचं नातं सरळ रेषेचं नाही, त्यामुळे १७ मधून १० गेले की उरलेल्या ७ ला काही अर्थ राहत नाही. नियंत्रणाच्या वेलला झोन आला की ती प्लेट रद्द, एवढंच.

पण त्याआधीची चूक मोठी आहे. १०० मिग्रॅ प्रति मिली हा आकडा पुडीचा आहे, अर्काचा नाही. १० ग्रॅम पुडीतलं सगळं काही मिथेनॉलमध्ये उतरत नाही, बहुतेक चोथ्यातच राहतं. उतारा १५ टक्के धरला तर १०० मिलीत दीड ग्रॅम अर्क, म्हणजे १५ मिग्रॅ प्रति मिली. तुमच्या वेलमध्ये ५ मिग्रॅ नव्हे, पाऊण मिग्रॅ अर्क पडला. छापून आलेल्या कित्येक पेपरांतही हाच घोळ आहे, म्हणून दोन पेपरांतले आकडे एकमेकांशी ताडून बघायला गेलं की काही जुळत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. चोथ्यावर पुन्हा दोनदा ताजं मिथेनॉल घाला, तिन्ही गाळ एकत्र करा. रोटाव्हेपर (कमी दाबाखाली द्रावक उडवण्याचं यंत्र) असेल तर बाथ ४० अंशांवर ठेवा. नसेल तर आधी वजन केलेल्या पसरट काचेच्या थाळीत, फ्यूम हूडमध्ये, जवळपास बर्नर नसताना उडवा. थाळी सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवून रोज वजन करा. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं की मिथेनॉल गेलं. वॉटरबाथवर आटवलेला चिकट, काकवीसारखा अर्क वरून कोरडा दिसतो, पण त्याच्या पोटात मिथेनॉल अडकलेलं असतं आणि तेही झोन देतं. पूर्ण वाळलेला अर्क थाळीतून खरवडताना तडकून पापुद्र्यासारखा निघतो.

मग १०० मिग्रॅ अर्क, १ मिली डीएमएसओ. गाळायचं असेल तर ०.२२ मायक्रॉनचा नायलॉन किंवा पीटीएफई फिल्टर घ्या. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा फिल्टर डीएमएसओत विरघळतो. अर्क ऑटोक्लेव्ह करणारेही असतात. १२१ अंशांना १५ मिनिटं शिजल्यावर पानातलं काय उरलं हे मग त्यांनाच विचारावं.

चार_मिमी

मी फक्त प्लेटबद्दल बोलतो. तुमचं जेंटामायसिनच सगळं सांगून जातंय. प्रमाणित स्ट्रेनवर, म्युलर-हिंटन अगरवर, १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कचा झोन ई. कोलाय एटीसीसी २५९२२ ला १९ ते २६ मिमी आणि स्टॅफ एटीसीसी २५९२३ ला १९ ते २७ मिमी यायला हवा. तुमचा २८ आणि ३१. म्हणजे प्लेट ‘उदार’ आहे, तिच्यावर कशालाही झोन मोठाच येणार. दोन कारणं असू शकतात आणि तुमच्याकडे दोन्ही आहेत.

एक, अगर पातळ. ९० मिमीच्या प्लेटचं क्षेत्रफळ साधारण ६४ चौरस सेंमी. ४ मिमी जाडीला २५ मिली लागतं. १५ मिलीत जाडी जेमतेम २.४ मिमी. पातळ थरात पदार्थाला खाली जायला जागा नसते, तो आडवा पसरतो. त्यात ओतताना टेबल समतल नसेल तर एका बाजूला ३ मिमी, दुसऱ्या बाजूला २. तुमचे १७, १३, १६ बहुधा इथूनच आलेत. प्लेट डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून बघा, उतार दिसेल. झोन अंडाकृती असेल तर खात्रीच.

दोन, जिवाणू कमी. डोळ्यांचा अंदाज चालत नाही. ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणा ताडून बघायचं प्रमाण द्रावण) घरचं करता येतं : १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड (डायहायड्रेट) ०.०५ मिली आणि १ टक्के सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिली. ६२५ नॅनोमीटरला शोषण ०.०८ ते ०.१३ यायला हवं. वापरण्याआधी नळी हलवा, साका तळाला बसतो. एवढ्या गढूळपणाला मिलीमध्ये साधारण १५ कोटी जिवाणू असतात. रात्रभरच्या ब्रॉथपेक्षा प्लेटवरच्या ताज्या ४-५ कॉलन्या सलाइनमध्ये घोळणं बरं. मग १५ मिनिटांच्या आत स्वॅब बुडवा, नळीच्या कडेला दाबून पिळा, प्लेट दर वेळी ६० अंश फिरवत तीनदा पसरवा आणि शेवटी कडेने एक फेरा.

वेल (झाडावर चढते ती नव्हे) पाडताना अगरची चकती उचकटली की तळाची काच आणि अगर यांच्यात फट राहते. अर्क त्या फटीतून खाली पसरतो आणि प्लेटच्या तळाशी तपकिरी डाग दिसतो. वेलच्या तळाशी वितळलेल्या अगरचा एक थेंब सोडला की हे थांबतं.

डिस्कवाला

चार_मिमी यांचं सगळं मान्य, पण मुळात वेलच का? ५० मायक्रोलिटर निव्वळ डीएमएसओ एका जागी ओतल्यावर झोन येणारच. डीएमएसओ पाण्याने १० टक्क्यांवर आणायला जाल तर अर्कातले कमी ध्रुवीय घटक तिथेच साका होऊन बसतील. वेलमध्ये दुधट पाणी आणि बाहेर काही नाही.

अर्क मिथेनॉलमध्येच १०० मिग्रॅ प्रति मिली करा. ६ मिमीच्या निर्जंतुक कोऱ्या डिस्कवर ५ मायक्रोलिटर, वाळू द्या, पुन्हा ५. झाला डिस्कला १ मिग्रॅ. लॅमिनारमध्ये (जंतुविरहित हवेच्या कपाटात) पूर्ण वाळल्यावरच प्लेटवर ठेवा. शेजारी फक्त मिथेनॉल घालून वाळवलेली डिस्क ठेवा. तिला झोन शून्य, म्हणजे ६ मिमीच यायला हवा. केंद्रापासून केंद्र २४ मिमी अंतर, ३५ अंश, १६ ते १८ तास. डीएमएसओचा प्रश्नच मिटला.

चार_मिमी

डिस्कला एक खोट आहे. पेरूत टॅनिन भरपूर आणि कागदाच्या सेल्युलोजला ते चिकटून बसतात. वेलला झोन आणि डिस्कला काही नाही, असं झालं तर लगेच ‘सक्रियता नाही’ लिहू नका. पण नियंत्रणापुरतं म्हणाल तर तुमचं बरोबर.

गढूळ_ब्रॉथ

तीन आठवड्यांनी लिहितोय. उतारा तीनदा काढून १० ग्रॅमला १.३८ ग्रॅम आला. म्युलर-हिंटन २५ मिली, मॅकफार्लंड, डिस्क १ मिग्रॅ, वेगवेगळ्या तीन दिवशी. स्टॅफला अर्क १२, १२, ११; कोरी डिस्क ६; जेंटामायसिन २२, २३, २२. ई. कोलायला अर्क ६, म्हणजे काही नाही, जेंटामायसिन २१.

आकडे आता जुळतात, पण १७ चे १२ झाले. जेंटामायसिनच्या निम्मा झोन म्हणून ‘निम्मी परिणामकारकता’ असं लिहिता येईल का? आणि ई. कोलायचं काय करू?

चोथा_आणि_गाळ

नाही येणार. जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम आहे, तुमचा अर्क १००० मायक्रोग्रॅम, शंभर पट. शिवाय रेणू जेवढा मोठा आणि चिकट तेवढा तो अगरमधून सावकाश सरकतो. झोन म्हणजे ताकद आणि चाल या दोन्हींची खिचडी. झोनवरून फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणा, ताकदीसाठी एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढा.

ई. कोलायचं ‘नाही’ हाही निकाल आहे, तसाच लिहा. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या पडद्यातून वनस्पतींचे बरेचसे पदार्थ आत शिरत नाहीत, आणि जे शिरतात ते पंपाने बाहेर फेकले जातात. झोन काढायचाच म्हणून डिस्कवर ५ मिग्रॅ, १० मिग्रॅ चढवत बसू नका.

९६ खणांच्या प्लेटचा हिशोब देतो. साठा १०० मिग्रॅ प्रति मिली डीएमएसओत. त्यातले २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये : २ मिग्रॅ प्रति मिली, डीएमएसओ २ टक्के. पहिल्या स्तंभात याचे २०० मायक्रोलिटर, दुसऱ्या ते दहाव्यात १०० मायक्रोलिटर नुसता ब्रॉथ. पहिल्यातून १०० उचला, दुसऱ्यात घाला, पाच-सहा वेळा पिपेटने वरखाली करा, असं दहाव्यापर्यंत. दहाव्यातले १०० टाकून द्या. दर वेळी टिप बदला. तीच टिप शेवटपर्यंत नेली तर तिच्या आतल्या भिंतीला चिकटलेला अर्क पुढच्या खणांत जातो आणि एमआयसी खोटी कमी येते.

०.५ मॅकफार्लंडचे ०.१ मिली ब्रॉथच्या १४.९ मिलीत घातले की मिलीला १० लाख जिवाणू होतात. याचे प्रत्येक खणात १०० मायक्रोलिटर. आता पहिल्या स्तंभात अर्क १ मिग्रॅ प्रति मिली, डीएमएसओ १ टक्का, जिवाणू मिलीला ५ लाख. दहाव्यात अर्क साधारण २ मायक्रोग्रॅम. अकरावा स्तंभ वाढीचं नियंत्रण : जिवाणू आणि १ टक्का डीएमएसओ असलेला ब्रॉथ. बारावा नुसता ब्रॉथ. ‘अ’ ते ‘क’ ओळी अर्काच्या. ‘ड’ ओळीतही अर्क तसाच, फक्त जिवाणूंच्या जागी कोरा ब्रॉथ. ‘इ’ ओळीत जेंटामायसिन, ई. कोलाय २५९२२ ला त्याची एमआयसी ०.२५ ते १ मायक्रोग्रॅममध्ये यायला हवी, नाही आली तर प्लेट रद्द.

‘ड’ ओळ कुणी वगळू नये. पेरूचा अर्क तपकिरी, त्यामुळे गढूळपणा दिसत नाही, म्हणून १८-२० तासांनी रेझाझुरिन घालतात : ०.०१५ टक्के, खणाला ३० मायक्रोलिटर, पुढे २ तास. जिवंत पेशी निळ्याचं गुलाबी करतात. पण पानातले फिनॉल स्वतःच क्षपणकारक असतात, जिवाणू नसतानाही ते रंग बदलू शकतात. ‘ड’ ओळीचे पहिले दोन-तीन खण गुलाबी झाले तर ‘अ’ ते ‘क’मधल्या तेवढ्या खणांचा रंग ग्राह्य नाही. तिथे प्रत्येक खणातले १० मायक्रोलिटर अगरवर टिंबासारखे ठेवा आणि वाढ बघा. नाहीतरी मारक मात्रेसाठी अगरवर टिंबं द्यायचीच आहेत. मात्र ती रेझाझुरिन घालायच्या आधी द्या.

कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर पुढे घटक वेगळे करण्यात अर्थ आहे. १ मिग्रॅच्या वर गेली तर फारसं बोलण्यासारखं नाही, शीर्षकात ‘प्रभावी’ तर मुळीच नको.

बीजाणू

काढ्याचा प्रश्न सगळे विसरले. वेलच्या कडेची पांढरी, सुरकुतलेली वाढ बहुधा बॅसिलसची. वाळलेल्या पानावर त्याचे बीजाणू असतातच, उकळीने ते मरत नाहीत, आणि काढ्यात त्यांना साखरही आयती मिळते. त्या वाढीची ग्रॅम (जिवाणू रंगवून ओळखायची चाचणी) करून बघा, जांभळे दंड दिसतील. काढा १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचा नितळ भाग ०.२२ मधून गाळा. तसाच घातला तर फिल्टर दोन मिलीत तुंबतो. गाळून झाला की त्याच दिवशी लायोफिलाइज करा (गोठवून वाळवा) किंवा निर्जंतुक छोट्या नळ्यांत उणे २० अंशांवर. फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेला काढा उघडून वास घ्या, उत्तर मिळेल. वाळवलेल्या काढ्याचं वजन करून तोही १ मिग्रॅ डिस्कवर तपासा, तोपर्यंत त्याच्याबद्दल निष्कर्ष राखून ठेवा.

आणि दोन गोष्टी. डहाळीचा पानं-फुलांसकट नमुना दाबून पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रातून ओळख पटवून घ्या. पेरू कोण ओळखत नाही म्हणाल, पण परीक्षक नमुन्याचा क्रमांक मागतात आणि पूड झाल्यावर ओळख पटवता येत नाही. दुसरं, स्टॅफच्या प्लेटा आणि ती ९६ खणांची प्लेट धुवायच्या टोपलीत जाण्याआधी ऑटोक्लेव्हमधून काढा.

गढूळ_ब्रॉथ

ग्रॅम केली. जांभळे दंड, मधोमध बीजाणू. ‘ड’ ओळीसकट प्लेट सोमवारी लावतो.