आसन बदलताना लक्ष उडतं, मदत हवी आहे

सदाफुली
तीन महिने झाले. आसनात असताना ठीक असतं, पण एकातून दुसऱ्यात जाताना मन कुठे भटकतं कळत नाही. भानावर येते तोवर पाय पुढे आलेला असतो आणि आधी मागे कुठला नेला होता, उजवा की डावा, तेच आठवत नाही. वैताग आलाय. 'श्वासावर लक्ष ठेवा' सांगू नका, करून झालंय.

बोरूबहाद्दर
कुठल्या आसनातून कुठल्या आसनात? किती वेळ करता? आम्हाला इथून काय दिसणार!

निवांत
श्वासावर लक्ष ठेवा.

सदाफुली
निवांत, __/\__
बोरूबहाद्दर, सूर्यनमस्कार हो, अजून काय?

घारुअण्णा२
मॅट सरकत असेल. जाड घ्या. मी घेतली, प्रश्न मिटला.

आडवाटे
जाड मॅटवर उलट तोल जातो. आणि त्यांनी मॅटबद्दल विचारलंच कुठे?
सदाफुली, पर्वतासनातून (हात-पाय टेकून कंबर वर) अश्वसंचालनासनात (एक पाय पुढे, एक मागे) येताना पाऊल दोन हातांच्या मध्ये पोचतं का? माझं अर्ध्यावर थांबायचं, मग घोटा धरून ओढायचो. तिथेच लय तुटायची. आधी कंबर वर, गुडघा छातीशी, मग श्वास सोडत पाऊल टेकवा.

पंतोजी
चूक. अश्वसंचालनासनात पूरक असतो. श्वास घेत पाय पुढे.

आडवाटे
पुस्तकात असेल. गुडघ्याने पोट दाबलं जात असताना श्वास घेऊन दाखवा. पाऊल टेकल्यावर छाती उचलताना घ्या की.

पंतोजी
मग अंकांची, म्हणजे नमस्कारातल्या टप्प्यांची, वाट लागते. तुम्ही दहा अंकी घालता की बारा?

निवांत
पतंजली म्हणतात, स्थिरसुखमासनम् (२.४६).

बोरूबहाद्दर
त्यात 'स्थिर' आहे. बाई हलतानाचं विचारतायत.
सदाफुली, किती घालता ते राहिलंच.

सदाफुली
हो, पाऊल अर्ध्यावरच थांबतं! मला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं. २४ घालते, पाच मिनिटांत. व्हिडिओ लावून.

बोरूबहाद्दर
आता बोललात! म्हणजे एकाला साडेबारा सेकंद. बारा अंक, अंकाला जेमतेम एक सेकंद. एका नमस्काराला सहा श्वास धरले तर मिनिटाला २८-२९. शांत बसलेला माणूस १२ ते २० घेतो. तुम्ही धापा टाकताय, लक्ष कुठून राहणार? व्हिडिओ बंद करा. आधी श्वास सुरू होऊ दे, मग अंग हलू दे. अंग थांबल्यावर श्वास संपू दे. सहाच घाला.

घारुअण्णा२
सहाने वजन उतरत नाही.

आडवाटे
वजनाचं कोणी काढलं?

सदाफुली
आत्ता चार घातले. पाऊल पुढे आणताना अंगठा मॅटला घासतो, हे आज पहिल्यांदा कळलं. पाय मात्र एकदाही चुकला नाही. पण तिसरा की चौथा यात गोंधळ झाला, कदाचित पाच झाले असतील.

घारुअण्णा२
घासतो ना? मॅट.