सबमिशनची रात्र आणि जीटी

सबमिशनसाठी, म्हणजे सत्राचं काम तपासायला देण्यासाठी, रात्र जागावी लागते ती निव्वळ आळसामुळे, असं काही जण म्हणतात. ते मत मला अर्धंच पटतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंग शीट्स आठवा. टर्मवर्कला, म्हणजे सत्रभर केलेल्या कामाला, मार्क असतात, एकही शीट राहून चालत नाही, आणि काम तपासून सह्या करायचं सगळ्याच विषयांच्या सरांना शेवटच्या आठवड्यात सुचतं. मग होस्टेलवर जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर काच, खाली बल्ब, काचेवर मित्राची तपासून झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. की बसा गिरवत! (आता एलईडीमुळे काच तापत तरी नाही. पूर्वी घामाचे थेंब शीटवर पडू नयेत म्हणून हाताखाली रुमाल लागायचा.) गंमत म्हणजे सरांना जीटी बरोबर ओळखू येते. वर्तुळ आहे पण मध्ये कंपासचं भोक नाही, कन्स्ट्रक्शन लाइन्स, म्हणजे आकृतीआधी आखायच्या फिक्या रेघा, तर औषधालाही नाहीत. मग मुरलेली मंडळी पहाटे चारला भोकं पाडत बसतात. तेवढ्या वेळात निम्मी शीट खरोखर काढून झाली असती. ज्यांचं सबमिशन तोंडावर आलंय, त्यांनी बाकीचं काय करायचं ते करा, पण आयसोमेट्रिकची (वस्तूच्या तीन बाजू एकाच चित्रात दाखवायची) शीट तरी स्वतः काढा. पेपरात त्यावर प्रश्न असतोच.