मदत हवी आहे: स्किटमधला तोतरा वॉचमन ठेवू की काढू?

मंडळी, सोसायटीच्या गणपतीसाठी वीस मिनिटांचं प्रहसन लिहिलंय. त्यातला वॉचमन तोतरा आहे. 'प-प-पार्किंग' म्हणेपर्यंत चोर गाडी घेऊन पसार, हा सगळ्यात मोठा हशा. परवाच्या तालमीत सगळे खिदळत असताना प्रकाशयोजना बघणारा कॉलेजातला मुलगा मान खाली घालून वायर गुंडाळत बसला. नंतर कळलं, तो स्वतः अडखळतो, म्हणून कधी रंगमंचावर येत नाही. तेव्हापासून घास गोड लागत नाहीये.

नवरा म्हणतो, "असं धरून बसलीस तर विनोदच करायला नको." त्याचंही अगदी चूक नाही. मार्च 2025 मध्ये कॉमेडियन कुणाल कामरानं एकनाथ शिंद्यांवर विडंबन केलं, तर तो कार्यक्रम जिथे झाला तो खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला गेला. ते मला मुळीच पटलं नव्हतं. सत्तेतल्या माणसाला टोमणे सोसता आलेच पाहिजेत. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपंगांची टिंगल केल्याबद्दल समय रैना आणि इतर कॉमेडियन्सना माफी मागायला सांगितलं, तेव्हा मी "बरं झालं" म्हणाले होते. आता माझीच संहिता तशी निघाली!

ज्यांनी एकांकिका बसवल्यात त्यांनी सांगा: तोतरेपणा काढून तोच हशा कसा आणायचा? वॉचमनऐवजी सेक्रेटरीच नियम वाचत बसतो आणि चोर निघून जातो, असं केलं तर चालेल? (आमचे सेक्रेटरी रुसतील, ते बघून घेईन.) आणि त्या मुलाशी आधी बोलू की गुपचूप बदलू? प्रयोगाला नऊ दिवस उरलेत.