मदत हवी आहे: वेगवेगळ्या काळातल्या बॉक्सरांची तुलना कोणत्या निकषांवर करावी?

मांजराकाठचा
नमस्कार मंडळी. लातूरच्या एका कॉलेजात २९ ऑगस्टला क्रीडा दिनानिमित्त 'सर्वकालीन श्रेष्ठ बॉक्सर' असा दोन तासांचा कार्यक्रम ठरलाय. भिंतीवर दहा जणांचा तक्ता लावायचा अन् पोरांनी त्यावर वाद घालायचा. पण तक्ता व्हायच्या आधीच भांडणं सुरू झालीत. एक गट म्हणतो मार्सियानो ४९-० (४९ विजय, एकही पराभव नाही), विषय संपला. दुसरा म्हणतो मेवेदर ५०-०, म्हणजे तोच मोठा. तिसरा अलीच्या पुढं काही ऐकूनच घेत नाही. अन् शुगर रे रॉबिन्सनच्या नावापुढं १९ पराभव दिसले की त्याला यादीतूनच काढायलेत.

गुण द्यायची एखादी पद्धत सांगा जी सगळ्यांना सारखी लावता येईल. जुन्या फिल्म दाखवायच्या आहेत, पण त्यातले बॉक्सर चार्ली चॅप्लिनसारखे तुडतुड पळतात अन् पोरं हसतात, त्याचं काय करावं? आणि मेरी कोमला याच तक्त्यात घ्यावं का? तयार टॉप टेन याद्यांच्या लिंका नकोत, त्या ढिगानं मिळाल्यात.

गोदातीर
आधी प्रश्न तीन आहेत हे पोरांना सांगा, अर्धं भांडण तिथंच मिटतं. एक, दोघांना आज रिंगणात उभं केलं तर कोण जिंकेल. दोन, कुणाचं कसब जास्त. तीन, कुणाची कारकीर्द मोठी. तक्ता फक्त तिसऱ्या प्रश्नाचा करा. पहिल्याला उत्तरच नाही. दुसऱ्याला फिल्म लागते आणि ती सगळ्यांची नाही. हॅरी ग्रेबनं १९२२ मध्ये जीन टनीला हरवलं, टनीचा कारकिर्दीतला तो एकमेव पराभव. त्या ग्रेबच्या एकाही लढतीची फिल्म आज बघायला मिळत नाही.

१०० गुणांची वाटणी अशी करून बघा: हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा ४०, आपल्या काळातल्या पहिल्या पाच जणांवर वर्चस्व २५, शिखरावर किती वर्षं टिकला १५, जड गटात जाऊन काय केलं १०, फिल्मवर दिसणारं कसब १०. पराभवांचे वेगळे गुण कापायचे नाहीत, ते वर्चस्वात आपोआप येतात.

खरं काम पहिल्या ४० गुणांत आहे. प्रत्येक बॉक्सरचे पाच सर्वात मोठे विजय घ्या अन् प्रत्येकापुढं चार गोष्टी लिहा: त्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचं वय, वजन, त्याच्या आधीच्या दोन वर्षांतले निकाल, आणि तो त्या वेळी विजेता होता का. नाव बघून गुण दिले की गडबड होते. मार्सियानोचंच बघा. जो लुईसला हरवलं १९५१ मध्ये, तेव्हा लुईस ३७ वर्षांचा. जर्सी जो वॉल्कॉटला १९५२ मध्ये, वॉल्कॉट ३८ चा. पण वॉल्कॉट त्या दिवशी जगज्जेता होता, गुणपत्रिकेवर पुढं होता, आणि मार्सियानोनं त्याला तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशात आडवं केलं. म्हणून वॉल्कॉटला पूर्ण गुण, लुईसला चार आण्याचे. एझर्ड चार्ल्स १९५४ मध्ये दोनदा, त्याचं वय ३२-३३. आर्ची मूर १९५५ मध्ये, तो लाइट हेवीवेटचा विजेता. अशी मांडणी केली की मार्सियानो चांगलाच वर राहतो, पण 'विषय संपला' कुणी म्हणत नाही.

अन् हीच कात्री सगळ्यांना लावा. लॅरी होम्सनं १९८० मध्ये अलीला हरवलं, अली ३८ चा होता. त्याचे गुण जवळजवळ शून्य. उलट अलीनं १९७४ मध्ये किन्शासात फोरमनला आठव्या फेरीत पाडलं तेव्हा फोरमन २५ वर्षांचा, ४० पैकी ४० लढती जिंकलेला. यापेक्षा भरीव विजय हेवीवेटमध्ये शोधून सापडायचा नाही.

दुधनाकाठ
पद्धत बरी आहे, पण बेरीज करून '८७ आणि ८५' असं छापू नका. दोन गुणांचा फरक म्हणजे निव्वळ भास. प्रतिस्पर्ध्याला ७ द्यायचे का ८ हे कुणाच्या तरी मनावरच असणार. तीन पायऱ्या करा: पहिल्या पायरीवर तीन, दुसरीवर तीन, तिसरीवर चार. पायरीच्या आत क्रम लावायचाच नाही.

शून्य पराभवाबद्दल एकच नाव पुरेसं आहे: रिकार्डो लोपेझ, ५१ विजय, एक बरोबरी, पराभव नाही. सर्वात हलक्या गटातला, म्हणून ही पोरं त्याचं नावही घेत नाहीत. होम्स ४८-० होता, १९८५ मध्ये मायकल स्पिंक्सकडून हरला. तो एक निकाल उलटा लागला असता तर त्याचेही ४९-० झाले असते, पण बॉक्सर म्हणून तो तेवढाच राहिला असता.

रॉबिन्सनचे १९ पराभव फोडून दाखवा. १९५२ अखेर निवृत्त झाला तोवर पराभव फक्त तीन. लामोटाकडून १९४३ मध्ये, मग आठ वर्षांहून जास्त काळ एकही नाही, मग टर्पिनकडून १९५१ मध्ये, अन् तिसरा मॅक्सिमकडून १९५२ मध्ये. बाकीचे १६ पराभव १९५५ ला परत आल्यानंतरचे, चाळिशी ओलांडूनही खेळत राहिला तेव्हाचे. मॅक्सिमची लढत तर न्यूयॉर्कमध्ये जून महिन्यात, ४० अंश सेल्सिअसला. मराठवाड्यात वेगळं समजावून सांगायला नको. दहाव्या फेरीनंतर पंचच उष्म्यानं बाद झाला, दुसरा आणावा लागला. रॉबिन्सन गुणांत पुढं होता, चौदाव्या फेरीला उठू शकला नाही.

आणखी एक. फेब्रुवारी १९४३ मध्ये तो ५ तारखेला लामोटाकडून हरला, १९ ला दुसरी लढत जिंकला आणि २६ ला लामोटालाच हरवलं. तीन आठवड्यांत तीन लढती, त्यातल्या दोन आपल्यापेक्षा जड माणसाशी. आजचा विजेता वर्षाला दोनदा रिंगणात उतरतो. म्हणून 'टक्के विजय' हा रकाना तक्त्यात घेऊच नका.

मांजराकाठचा
हे लै कामाचं आहे. पायऱ्यांची कल्पना घेतली. पण मग विजेतेपदाच्या पट्ट्यांचं काय करावं? पॅक्विआओची आठ वजनगटांतली विजेतेपदं अन् हेन्री आर्मस्ट्राँगची तीन, हे शेजारी शेजारी लिहिलं की आर्मस्ट्राँग बापडा वाटायलाय.

गोदातीर
आर्मस्ट्राँगच्या वेळी एकूण वजनगट आठ, आणि प्रत्येक गटात साधारण एकच विजेता. १९३८ मध्ये त्यातले तीन, फेदर, लाइट अन् वेल्टर, एकाच वेळी त्याच्याकडे होते. आज १७ गट आणि चार संघटना: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. म्हणजे निदान ६८ खुर्च्या. पॅक्विआओचा प्रवास ११२ पौंडांपासून १५४ पौंडांपर्यंत, तो अचाटच आहे. पण १५४ ची लढत मार्गारिटोशी १५० पौंडांवर ठरवून घेतलेली होती, हेही लिहा.

पट्टे मोजण्याऐवजी 'त्या गटात नंबर एक समजल्या जाणाऱ्या माणसाला हरवलं का' हे विचारा. उसिकला इथं पूर्ण गुण मिळतात: २०१८ मध्ये क्रूझरवेटचे चारही पट्टे, मे २०२४ मध्ये फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही. आणि 'विजेता होता का' या रकान्यात काळ्या बॉक्सरांना सांभाळून घ्या. हॅरी विल्स वर्षानुवर्षं दावेदार होता, डेम्प्सीशी त्याची लढत कधी झालीच नाही. सॅम लँगफर्डला हेवीवेटच्या जगज्जेतेपदाची संधीच मिळाली नाही. त्यांच्या पुढं पट्टा नाही, त्याचं कारण रिंगणाबाहेर, वर्णभेदात आहे.

जुना रीळवाला
नियमांबद्दल कुणी बोललंच नाही. मातीतला पैलवान अन् मॅटवरचा पैलवान यांना एकाच मापानं मोजत नाहीत, तसंच आहे हे. तक्त्याशेजारी एक छोटी चौकट करा:

फेऱ्या: विजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांच्या असत. नोव्हेंबर १९८२ मध्ये मॅन्सिनीशी लढताना जखमी होऊन किम डुक-कू वारला, त्यानंतर डब्ल्यूबीसीनं १२ केल्या, बाकी संघटना १९८८ पर्यंत आल्या. ज्याचा दम शेवटी कामी यायचा, त्याच्या तीन फेऱ्या गेल्या.

वजन: पूर्वी लढतीच्या दिवशीच वजन व्हायचं, आता आदल्या दिवशी. मधल्या वेळात पाणी अन् जेवण घेऊन माणूस चार-सहा किलो सहज परत चढवतो. म्हणून रॉबिन्सनचे १४७ पौंड आणि आजचे १४७ पौंड एक नव्हेत. मार्सियानो १८५ च्या आसपास असायचा, आज तो २०० च्या आतल्या क्रूझरवेटमध्ये बसला असता.

कोपरा: पाडल्यावर दूरच्या कोपऱ्यात जायचा नियम कडकपणे लागला तो १९२७ च्या टनी-डेम्प्सी लढतीत. १९१९ मध्ये डेम्प्सी विलार्डच्या डोक्यावरच उभा राहिला अन् उठला की पुन्हा हाणला, पहिल्याच फेरीत सात वेळा पाडला.

ग्लोव्ह: आज वेल्टरवेटपर्यंत ८ औंस, त्यावर १० औंस. जुन्या लढतींत त्याहून हलके असत.

आता फिल्म. मूकपटाच्या काळातले कॅमेरे हातानं फिरवायचे, सेकंदाला १६-१८ चौकटींच्या (फ्रेमच्या) हिशेबानं. ती फीत २४ नं चालवली की माणसं तुडतुडतात. व्हिडिओत वेग ०.७५ करा, १८ चौकटींची फिल्म बरोबर मूळ वेगावर येते. १६ ची असेल तर ०.६७. कुठली आहे हे कळायला एक न कापलेली फेरी शोधा अन् घड्याळ लावा. तीन मिनिटांची फेरी २ मिनिटं १५ सेकंदांत उरकत असेल तर ती १८ ची. दोन मिनिटांत उरकली तर १६ ची. विश्रांतीच्या मिनिटावरून मोजू नका, तो बहुतेक ठिकाणी कापलेला असतो. वेग नीट केला की जॅक जॉन्सनचे हात बघा: समोरच्याचा ठोसा सुटायच्या आधीच दंडावर पंजा ठेवून तो दाबून टाकतो. पळत्या फिल्ममध्ये ही गोष्ट दिसतच नाही.

कोपऱ्यातला
कुणीतरी 'कॉम्प्युटरवर लढवून बघू' म्हणेलच, तयारी ठेवा. १९६९ मध्ये अली आणि मार्सियानोला खरंच रिंगणात उभं करून लुटूपुटूचे ठोसे चित्रित केले, शेवट संगणकानं ठरवला असं जाहीर केलं. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत दाखवलं त्यात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकतो. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला. मार्सियानो ते बघायला उरला नव्हता, ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात गेला. त्याआधी १९६७ च्या रेडिओवरच्या संगणक-स्पर्धेत अलीला जेफ्रीजकडून हरवलं होतं, त्यावर अलीनं दावाच ठोकला.

मेरी कोम याच तक्त्यात नको, शेजारी हौशी बॉक्सिंगचा वेगळा तक्ता करा. तिथं व्यावसायिक मापं चालत नाहीत. तिची सहा जागतिक सुवर्णं बहुतेक ४५-४८ किलोच्या आसपासची, पण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी ५१, ६० आणि ७५ असे तीनच गट. म्हणजे तिला वर ५१ ला जाऊन कांस्य काढावं लागलं. तेव्हा दोन मिनिटांच्या चार फेऱ्या अन् पंचांनी बटण दाबून मोजलेले ठोसे. टोकियोत लवलिनाला कांस्य मिळालं तोवर तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या अन् फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण द्यायची पद्धत. विजेंदरचं २००८ चं कांस्यही बटणाच्या काळातलं.

मांजराकाठचा
आभार सगळ्यांचे. एकच शंका राहिली. आर्ची मूरचं वय काही ठिकाणी ३८ दिसतंय, काही ठिकाणी ४१. तक्त्यात काय छापू?

गोदातीर
'३८ किंवा ४१' असंच छापा. त्याचं जन्मसाल कुठं १९१३ तर कुठं १९१६ दिलेलं असतं, म्हणून तीन वर्षांचा फरक. गुण मात्र वयावर नका कापू, त्याच वर्षी तो आपल्या गटाचा विजेता होता अन् त्यानं मार्सियानोला दुसऱ्या फेरीत खाली बसवलंही होतं.