जांभळं रबर चालेल का? रॅकेट तपासणीबद्दल विचारायचं आहे

प्रेक्षक_आई: लेक पंधरा वर्षांखालील गटात पहिल्यांदाच टेबल टेनिसच्या आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेला निघाली आहे. तिला बॅटला जांभळं रबर लावायचंय. तिचे सर म्हणतात लाल-काळंच लागतं. शिवाय तिथे बॅट यंत्रावर तपासतात म्हणे! मला यातलं ओ की ठो कळत नाही, मी फक्त बाटल्या भरते आणि टॉवेल धुते. खरं काय?

तपासनीस: ताई, सरांचा नियम जुना झाला. ऑक्टोबर २०२१ पासून एक बाजू काळी असली की दुसरीला लाल, गुलाबी, जांभळं, हिरवं, निळं चालतं. मात्र ते रबर आयटीटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या) मान्य यादीत हवं, आणि त्यावरचा शिक्का मुठीजवळ दिसला पाहिजे. मुलं रबर कापताना नेमका तोच उडवतात.

मी तपासणीच्या टेबलावर बसतो. रंगावरून फारशी अडचण येत नाही, जाडीवरून येते. रबर, स्पंज आणि डिंक मिळून एका बाजूला ४ मिमीच्या वर नको. जुना डिंक न खरवडता त्यावर नवा थर दिला की संपलं. दुसरी भानगड रबरातून निघणाऱ्या रसायनांच्या वाफेची. पाकीट फोडल्यावर रबर ७२ तास उघड्या हवेत ठेवा, मगच चिकटवा. आणि हो, चेंडू पांढरा असतो, तेव्हा पांढरा टी-शर्ट घरीच राहू द्या.

डावखुरा: दुसरी बॅटही अगदी तशीच तयार ठेवा. माझी सामन्याआधी जाडीत नापास झाली. पिशवीतल्या सुट्या बॅटचं रबर वर्षभर जुनं, गुळगुळीत झालेलं. सर्व्हिसला फिरकीच बसेना, ०-३ हरलो. सामन्याच्या आदल्या दिवशी स्वतःहून तपासून घेता येते, तेव्हा नापास झाली तरी शिक्षा नाही. सामन्यानंतर झाली तर जिंकलेला सामनाही जाऊ शकतो.

प्रेक्षक_आई: दोन्ही बॅटींसाठी पाकिटं आत्ताच फोडली. चार रबरं कपाटावर पसरून ठेवलीत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही अशी चिठ्ठी चिकटवली आहे, मुख्यतः तिच्या बाबांसाठी. सरांना २०२१ चं मात्र तिनेच सांगावं, मी नाही.